उन्हाळे लागलेत, दुसरं काय!

आमच्या पिंपळगावात बाईमाणसाला लघवीचा त्रास सुरू झाला की त्याला नाव एकच, उन्हाळे लागलेत. भर थंडीत लागले तरी उन्हाळेच! मला लागले ते ऐन गारठ्यात, द्राक्षाचा हंगाम तोंडावर आलेला असताना. आणि एकदा मुक्कामाला आले ते हलायचं नावच घेईनात.

ओटीपोटात खाली कुणीतरी चिमटा धरून ठेवल्यासारखं दुखायचं. जाऊन आलं की जरा सैल पडायचं, की थोड्या वेळाने पुन्हा तेच. मी द्राक्षं भरायच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर. कात्री घेऊन घड साफ करणाऱ्या बायकांवर माझं लक्ष असायचं, आणि त्यांचं माझ्यावर. मी उठले रे उठले की एकजण म्हणायची, "चालल्या मॅडम, राउंडला!" मग सगळी लाइन खिदळायची. मीही हसायचे, काय करणार? पण बाथरूममध्ये जाऊन कधीकधी रडायचे, हेही खरं.

घरी सासूबाईंनी कंबर कसली. सकाळी लिंबूसरबत, दुपारी कोकम, संध्याकाळी घरच्या टोमॅटोचं सार. "पी पोरी, उष्णता निघंल अंगातली." मी घटाघटा प्यायचे. दुखणं वाढायचं. दुखणं वाढलं की सासूबाई लिंबू वाढवायच्या.

दवाखान्यांचं तर विचारूच नका. आमच्या घरची रीत अशी की सून डॉक्टरकडे गेली तर खुर्चीत ती बसते, पण बोलतात सासूबाई. मी तोंड उघडलं की त्यांचा हात माझ्या गुडघ्यावर. पहिल्या डॉक्टरांना त्यांनी सांगितलं, उन्हाळे लागलेत. त्यांनी इन्फेक्शनच्या गोळ्या दिल्या. लघवीचा रिपोर्ट स्वच्छ आला, तरी गोळ्या चालूच. दुसरे डॉक्टर वयाने अगदी तरुण, त्यांच्यासमोर लघवीचं कसं बोलायचं? म्हणून सासूबाई म्हणाल्या, "पोटात दुखतंय हिच्या." त्यांनी खडा शोधला, मग ॲसिडिटी शोधली. सोनोग्राफी झाली, तीही नॉर्मल. रिपोर्ट बघून डॉक्टर खूश, घरचे खूश, मी तेवढी रडवेली. सगळं नॉर्मल असताना बाई कण्हते म्हणजे तिला काम नको असणार, असंही एक-दोघांनी सुचवून पाहिलं. असा संताप आला होता म्हणून सांगू!

शेवटी एका ठिकाणी निघालं, गर्भाशय काढून टाका. हंगाम संपला की ऑपरेशन. मला अजून चाळिशीही लागली नव्हती. पोट फाडून घ्यायचं आणि तरी दुखणं राहिलं तर? पण सासूबाई ठाम. "माझं नाय का काढलं? काय वाईट झालं माझं? बघ, कशी टुणटुणीत हाय!" ही चालतीबोलती साक्ष समोर उभी! मी मान डोलावली.

नाशिकला राहणाऱ्या नणंदेने मात्र फोनवर हट्टच धरला, ऑपरेशनच्या आधी लघवीच्या विकारांच्या एका डॉक्टरीणबाईंना दाखवा म्हणून. गेलो एसटीने. आत गेल्यावर सासूबाईंनी घसा खाकरला, तेवढ्यात बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?"

सासूबाईंचा चेहरा असा पडला! दार लागलं आणि बाईंनी मला विचारलं, "दुखतं कधी? लघवी करताना, की साठत आली की?"

इतक्या दवाखान्यांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मग मी जी सुरू झाले, ती थांबलेच नाही. साठलं की दुखतं, गेलं की हलकं होतं, पॅकहाउसमधलं हसणं, सगळं सांगितलं. खाण्यापिण्याचं विचारल्यावर मी लिंबू, कोकम, सार असं कौतुकाने सांगितलं, तर बाई पेन ठेवून हसल्याच. म्हणाल्या, "मूत्राशयाचंच जुनाट दुखणं दिसतंय. पण बोट ठेवून दाखवील अशी एक तपासणी नाही याला. दुसरं काही नाही ना, हे एकेक करून बघत जायचं. दुर्बिणीनेही बघू. वेळ लागेल. तोवर आंबट बंद, चहा बंद." ऑपरेशनची घाई करू नका, हेही त्यांनी बजावलं.

सीबीएसच्या एसटी स्टँडवर बसची वाट बघत बसलो. सासूबाई घुश्शात. मी सगळं सांगितलं, तरी मनातून धाकधूक होतीच. म्हटलं, "पण आई, तुमचं तर काढल्यावर थांबलं ना?"

त्या उठून बाथरूमला जाऊन आल्या. बसल्या, आणि परत जाऊन आल्या. मग पदर तोंडाला लावून हळूच म्हणाल्या, "नाय थांबलं."

"काय?"

"दुखणं. तवाबी असंच व्हतं, तुझ्यावानी. काढलं तरी थांबलं नाय. समद्यांनी येवढी धावपळ केली, कोणत्या तोंडानं सांगू? म्हणलं, बरं वाटतंय."

माझं डोकंच फिरलं. "अहो, मग मला कशाला ढकलत होता त्यात?"

"म्हणलं, तुझं तरी थांबंल."

मी त्यांचा हात धरला, आणि बस लागेपर्यंत धरूनच बसले.

ऑपरेशन रद्द झालं. दुर्बीण झाली, औषध सुरू झालं. दुखणं पार पळालं असं नाही, पण आता तासन् तास त्याची आठवण होत नाही. चहाची मात्र रोज होते!

पुढच्या खेपेला आम्ही दोघी आत गेलो. बाईंनी विचारलं, "काय म्हणतोय त्रास?" सासूबाईंनी सवयीने माझ्याकडे बोट केलं, "हिला ना..." आणि थांबल्या. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "पोरी, तू जरा बाहेर बस."

मी बाहेर बाकावर बसले. दार लागलं ते उघडेचना. नंबर लावून बसलेल्या बायका कुरकुरायला लागल्या, आत एवढा वेळ कोण आहे म्हणून.

"बोलू द्या हो त्यांना," मी डाफरले. "लय वर्षांनी स्वतःचं सांगतायत."