बेनी कॅप्टन कसा खेळायचा: मुलुंड ते मढ, एक रविवार

"मढला येतेस का रविवारी?" दादाने फोनवर विचारलं. एका दिवसात जाऊन येण्याच्या जागा मी शोधतच असते, त्यामुळे लगेच हो म्हटलं. नंतर कळलं की ही सहल नाही.

सुहासदादा, माझा सख्खा भाऊ, तरुणपणी व्यावसायिक फुटबॉल खेळायचा. त्याचा कॅप्टन बेनी मढचा. तो गेल्या पावसाळ्यात वारला. त्या दिवशी वर्सोव्याहून मढला जाणारी बोट बंद होती. दादा मालाडवरून रस्त्याने, ट्रॅफिकमध्ये अडकत पोहोचला तोवर दफन झालंसुद्धा होतं. आता डिसेंबरात गावाने बेनीच्या नावाने स्पर्धा भरवली होती.

मुलुंडहून सकाळी लवकर निघालो. मी स्कूटर चालवत होते, दादा मागे. कांजूरमार्गला कचऱ्याचा वास येतो, तोंडाला रुमाल बांधा. पुढे लिंक रोड रविवारी मोकळा मिळतो, पण उशिरा निघालात तर मेट्रोच्या कामात वाट लागलीच म्हणून समजा. अंधेरीत स्टेशनच्या पश्चिमेला मिसळ खाल्ली. बरी होती, पाव मात्र झकास. तिथेच दादा बोलायला लागला.

त्या काळी करार एका सीझनचा असायचा. पाय मोडला की करार संपला, उपचार ज्याचे त्याने बघायचे. दादाचा गुडघा सीझनच्या तोंडावर सरावात गेला. आमच्या घरी कसलं ऑपरेशन परवडतंय! आई रडत बसली होती. तेव्हा बेनीने सगळ्या टीमचा खेळ थांबवला आणि मॅनेजरला बजावलं. सुहासचं ऑपरेशन क्लब करेल, बरा होईपर्यंत पगारही देईल, आणि हे यापुढे प्रत्येकाच्या करारात येईल. हे मान्य होईपर्यंत कुणी बूट घालायचे नाहीत. मॅनेजरने एकेकाला बाजूला घेऊन धमकावलं, पण कुणी फुटलं नाही. शेवटी क्लब नमला. हळूहळू बाकीच्या क्लबांनाही तसंच करावं लागलं.

"तू परत खेळलास ना पण," मी म्हटलं.

"खेळलो की, चांगला खेळलो. बेनीला मात्र पुढच्या सीझनला कुणीच घेतलं नाही. भांडखोर म्हणून शिक्का बसला. ऐन भरात होता गं तो."

मग बेनी मढला बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागला. दादा अधूनमधून भेटायला जायचा. चहा व्हायचा, मुलाबाळांच्या गप्पा व्हायच्या. फुटबॉलचा विषय निघाला की बेनी उठून हात धुवायला जायचा.

वर्सोव्याच्या जेट्टीवरून बोट स्कूटरसकट पलीकडे नेते. भाडं आमच्या मिसळीपेक्षाही कमी. खाडी अरुंद आहे, नीट बसेपर्यंत मढ येतंच. पावसाळ्यात जाणार असाल तर आधी चौकशी करा. पलीकडे बांबूंवर बोंबील वाळत होते. एका बंगल्याबाहेर शूटिंगच्या गाड्यांनी रस्ता अडवलेला, तिथे बराच वेळ गेला.

मैदानावर पोहोचलो तर भाषणं चालू होती. बॅनरवर बेनीचा म्हातारपणीचा फोटो, खाली 'खेळाडूंचा कैवारी'. आमच्या शेजारी पाहुणा म्हणून आलेला एक तरुण खेळाडू उभा होता. तो मित्राला सांगत होता, "लिगामेंट गेलं ना यार, सगळं क्लबने केलं. कॉन्ट्रॅक्टमध्ये असतंच ते."

दादाला राहवलं नाही. "आधी नसायचं. यांनी आणलं," म्हणत त्याने बॅनरकडे बोट केलं.

"अच्छा!" मुलगा खरंच चकित झाला. "युनियनवाले होते का हे? खेळायचे पण?"

दादाने बॅनरकडे केलेलं बोट खाली घेतलं. त्याचा चेहरा बघून मीच त्याला सावलीत घेऊन गेले.

तिथे फिलोवहिनी, बेनीची बायको, खुर्चीवर एकटीच बसली होती. दादाने वाकून नमस्कार केला. "वहिनी, मी आज आहे तो बेनीमुळे."

"ते नको सांगू रे," ती तडकून म्हणाली. "सकाळधरून तेच ऐकते. त्याने ह्याला दिलं, त्याने त्याला दिलं. तो खेळायचा कसा, ते कोन सांगतच नाय. मी लग्न करून आले तवा त्याचा खेळ सुटलेला. मी एक मॅच नाय बघितली त्याची."

दादा तिच्यासमोर जमिनीवरच बसला. गुडघा दुमडत नाही म्हणून पाय लांब करून. आणि सांगायला लागला. बेनी धावायचा कमी, पण बॉल जिथे येणार तिथे आधीच उभा असायचा. कुपरेजच्या मैदानावर चिखलात खेळताना गोलकीपर पडला, तेव्हा त्याने रेषेवरून डोक्याने बॉल काढला आणि तसाच हसत उभा राहिला, कपाळभर चिखल. समोरच्याला पाडलं तर हात देऊन उठवायचा, वर त्याच्या कानात काहीतरी चावट बोलायचा.

"काय बोलायचा?"

"ते तुमच्यासमोर नाही सांगता येणार."

वहिनी हसली. मग तिने पदर डोळ्यांना लावला. मागे फायनलची शिट्टी झाली, तरी दोघांनी मान वळवली नाही.

जेवण तिच्याच घरी झालं, बोंबलाचं कालवण आणि भात. संध्याकाळी त्याच बोटीने परत. जोगेश्वरीजवळ सिग्नलला थांबलो तेव्हा दादा मागून म्हणाला, "त्याचा सगळा खेळ सांगून टाकला मी. तासभरसुद्धा लागला नाही गं."

मी आरशात बघितलं नाही.

मढला जरूर जा. किनारा छान आहे, माणसं बोलकी आहेत. माझ्याकडे मात्र या वेळी एकही फोटो नाही. दादा आता दर रविवारी वहिनीला फोन करतो. आठवून आठवून एखादा नवा सामना सापडायचा, तोही आताशा सापडत नाही. मग तो चिखलातला हेडरच पुन्हा सांगतो. परवा मी शेजारीच बसले होते. दादा मध्येच अडखळला, आणि पुढचं वाक्य फोनमधून वहिनीने सांगितलं.