आमसुलं आणि आईची कळशी

आई गेल्यापासून बाबा रोज दुपारी तिची तांब्याची कळशी घासत. सारातली उरलेली आमसुलं, चिमूटभर मीठ आणि पडवीतला ऊन येणारा कोपरा. लांज्याहून येणारी एस्टी वळणावर हॉर्न देऊन निघून जायची, तरी बाबांचा हात कळशीवर गोल गोल फिरतच असायचा. बघता बघता मलाच डुलकी लागायची.

माझं काम पुण्यातल्या प्रयोगशाळेत. तांब्याच्या पत्र्यावर रेणू सोडायचे आणि पुढे काय होतं ते बघत बसायचं. तांबं जरा गरम असलं की रेणू त्यावर कुठेही भटकतात. थंड केलं की लावणीच्या रोपांसारखे ओळीने उभे राहतात. तासन् तास पडद्याकडे बघताना मी कितीदा तरी आमच्या पडवीत जाऊन पोचते.

एवढं शिकून शहाणपण मात्र नको तिथे पाजळलं. मे महिन्यात घरी गेले असताना बाबांना म्हटलं, "आमसुलातलं आम्ल कळशीवरचा काळपटपणा धरतं आणि पाण्याबरोबर घेऊन जातं. पण तो काळपटपणासुद्धा मुळात तांब्याचाच. रोज थोडी थोडी कळशीच झिजतेय."

कळशीच्या गळ्याशी आईचं नाव होतं, लग्नात कोरलेलं. आता ते पुसट झालं होतं.

बाबांचा हात थांबला. "म्हंजे नाव मीच पुसतोय?"

मी "हो" म्हणून गेले. जीभ चावली, पण उशिरा.

दिवाळीला गेले तर कळशी फडताळात, काळवंडलेली. बाबा त्याच कोपऱ्यात रिकामे हात मांडीवर ठेवून बसलेले. जेवणही निम्म्यावर आलेलं. मला माझाच भयंकर राग आला. नाव वाचवायला गेले आणि बाबांची दुपार घालवून बसले.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम सार केलं. उरलेली आमसुलं वाटीत काढली आणि कळशी त्यांच्यापुढे ठेवली. "घासा, बाबा."

"नि नाव?"

बाबांनी कळशी मांडीवर ओढली. त्या पुसट अक्षरांवरून अंगठा फिरवला. मग वाटीतलं एक आमसूल उचललं.

"जाऊ दे गो," ते म्हणाले. "साऱ्या जन्मात तिला नावानं हाक मारली नाय मी."