उभ्याने गोळी घेणारे आबा

आमच्या गल्लीतल्या घोडेवाल्या आबांना चक्करसुद्धा ताठ उभ्यानेच यायची. टोपी सरळ, मिशी सरळ, घोडीचा लगाम मुठीत, आणि माणूस मात्र हळूहळू तिरका. मी गल्लीतल्या सगळ्यांच्या नकला करतो, पण या तिरक्या आबांना मागणी जास्त. आबा स्वतः ओट्यावर बसून बघायचे आणि म्हणायचे, "मिशी बराबर शे. खाकरनं कमी पडनं."

छातीत कळ आली की ते जिभेखाली गोळी ठेवायचे. शहाद्याच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, "आबा, गोळी बसूनच घ्यायची. हिने रक्तवाहिन्या रुंद होतात, छातीतल्या आणि डोक्यातल्याही. म्हणून डोकं ठणकतं, त्याला घाबरू नका. पण उभे राहिलात तर रक्त पायात उतरेल, मेंदूला कमी पडेल आणि तुम्ही पडाल."

बाहेर आल्यावर आबांनी मला समजावलं, "पाट रुंद करा, पन पानी तितलंच. मंग वरला वावरले काय भेटी?" आणि स्वतःच्या टोपीवर टिचकी मारली. म्हणजे समजलं सगळं होतं. ऐकणार नव्हते.

कारण सारंगखेड्याचा घोडेबाजार. तिथे घोडी दाखवताना आबा कधीच बसायचे नाहीत. "मालक खाले बठना का गिऱ्हाईकले वाटस, गडी थकी गया. मंग तो घोडीनं तोंड पाहत नही, मन्हं तोंड पाहस."

एका वर्षी भर बाजारात गोळी ठेवून असेच उभे राहिले आणि घोडीच्या मानेवर कलंडले. घोडी हलली नाही म्हणून वाचले. गिऱ्हाईकाला वाटलं, म्हातारा घोडीला निरोपाची मिठी मारतोय. तोही डोळे पुसायला लागला.

घरी वहिनींनी, म्हणजे आबांच्या सुनेने, निकाल दिला, "आबा, आते बाजार बंद." आबा नीट जेवेनात. ओट्यावर येईनात. माझी नक्कलसुद्धा बघेनात.

मग मीच म्हटलं, "आबा, तुमी घोडीमांगे खाटवर बठा, गोळी ठेवा. पुढे मी उभा. तुमना आवाजमा बोलसू."

"तू? तुले घोडीना दात तरी समजतस का?"

"दात तुमी पहा. खाकरनं मन्हाकडे."

वहिनी हसल्या. हसल्या म्हणजे झालंच.

पुढच्या बाजारात कळ आली, आणि आबा चक्क बसले. मी टोपी सरळ केली, खाकरलो आणि घोडीचं खानदान सांगायला लागलो. मागून, ठणकणारं डोकं दाबत, गोळी सांभाळत आबा पुटपुटले, "इतलं बी खोटं नको बोलू, भो."

परतताना जीपमध्ये खूश होते. "घोडी गयी नही, पन मी बी पडनू नही."

त्यानंतरही ते बाजाराला आले, दरवेळी खाट घेऊन. गेल्या पावसाळ्यात गेले, घरीच, झोपेत.

यंदा घोडी घेऊन मीच गेलो. जुनं एक गिऱ्हाईक आलं, म्हणालं, "आबाना आवाज काढ ना, भो." मी टोपी सरळ केली, खाकरलो. आणि आधी खाली बसलो. त्याने घोडीकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं, आणि तोही शेजारी बसला.