धडाम सरांचा मनोरा

शेख सरांना आम्ही धडाम सर म्हणायचो. वर्गात शिरले की आधी टेबलावर मूठ आदळायची, मग हजेरी. प्रोग्रॅमिंगसारखा मुका विषय या माणसाने आम्हाला हाणामारीने शिकवला.

त्यांनी स्वतः एक सॉफ्टवेअर बनवलं होतं. आपला प्रोग्रॅम त्यात टाकला की पडद्यावर माणसं उभी राहायची. फंक्शनने, म्हणजे प्रोग्रॅममधल्या एका तुकड्याने, स्वतःलाच हाक मारली (याला म्हणतात रिकर्शन), की एक माणूस दुसऱ्याच्या खांद्यावर चढायचा. थांबायची अट लिहायला विसरलात, तर मनोरा वाढत वाढत कोसळायचा. हाडं मोडल्याचा आवाज, लालभडक पडदा. सर खूश! "अबे नालायका, थांबायचं कुठं ते सांगितलंच नाय! मेले ना सगळे?" काहीजण कानांवर हात ठेवायचे, पण रिकर्शन कुणी विसरलं नाही.

माझा चुलतभाऊ विलास त्याच वर्गात होता. आमच्या गावी, पिशोरला, शेताच्या बांधावरून दोन्ही घरांत हाडवैर. एका दुपारी गावाकडून फोन आला, की माझ्या वडिलांनी त्याच्या वडिलांचं डोकं फोडलं. विलास लोखंडी गज घेऊन लॅबमध्येच माझ्यावर धावला. सर मध्ये पडले आणि गज त्यांच्या उजव्या मनगटावर बसला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

माझं डोकंच फिरलं. स्टूल उचललं; विलासला जिवंत सोडणार नव्हतो.

"बसा खाली! दोघंबी!" मोडका हात पोटाशी धरून सर डाव्या हाताने टाइप करू लागले. तळाशी माझे वडील, त्यांच्या खांद्यावर विलास, त्याच्यावर मी. सर माझ्याकडे वळले. "आता तू ह्याला मारला. मग तुला कोण मारंल? विलास, बोल!"

"आमचा दादा," विलास पुटपुटला.

"आन् त्या दादाला?"

माझ्या घरात उरला होता धाकटा भाऊ, आठवीतला. "आमचा संजू," मी म्हणालो.

सरांनी दादाला आणि त्याच्यावर संजूला चढवलं आणि बटण दाबलं. मनोरा कोसळला. सगळ्यात उंचावरून संजू पडला. मी स्टूल खाली ठेवलं आणि ढसाढसा रडलो. विलासही रडत होता.

विचारणाऱ्यांना सर सांगायचे, "जिन्यावरून पडलो." मनगट वाकडंच राहिलं. टेबलावर मूठ मात्र आदळतच राहिली, डावी.

यंदा सर गेले. मला आणि विलासला सरांच्या गावी, सोयगावला, गाडीतून संजू घेऊन गेला. त्याने सरांना कधी पाहिलंही नव्हतं. जनाजा उचलला तेव्हा पुढे विलास, मागे मी. कब्रस्तान लांब होतं, माझा खांदा भरून आला.

"सरक भाऊ," म्हणत संजू माझ्या जागी आला.