व्हरांड्यात कोण जाणार

“मी जातो न, बाई,” असं म्हणून ती पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट घ्यायची आणि बाळंतपणाच्या खोलीचं दार उघडून व्हरांड्यात जायची. कुणाला नको असलेलं काम निघालं की हे वाक्य ऐकू यायचंच.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं तेव्हाची गोष्ट. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. ती दुसरबीडकडची तरुण विधवा, हंगामी नर्स. मुदत संपली की पुन्हा ठेवायचं की नाही, हे मोठ्या नर्सबाई ठरवत. कायम व्हायची तिला फार आस होती. माहेरी वहिनीच्या हाताखाली परत जायचं नव्हतं.

आता मोठ्या बाईंची रीत ऐका. कळा देणाऱ्या बाईजवळ दिवसभर बसायची ही. मूल रडलं की मोठ्या बाई चहा टाकून धावत, बाळ व्हरांड्यात नेऊन नातेवाइकांना दाखवत आणि खण-नारळ घेऊन परतत. त्यांच्या घरी खोबऱ्याची चटणी कधी संपली नाही. मूल गेलेलं निघालं की मात्र म्हणत, “हंगामी, तू जाय. सांग त्यायले.”

ती जायची. तुम्हीच सांगा, लोकांनी काय समजावं? ती दारात दिसली की बाया हंबरडा फोडत. तिचा हातच वाईट, असं गावात आणि आसपासच्या खेड्यांत बोललं जाऊ लागलं. तिची दुपारची भाकर डब्यात तशीच राहू लागली.

“काऊन आयकतं त्याईचं?” मी एकदा चिडून विचारलं.

“नाही म्हनलं तं दुसरी ठेवतीन, भाऊ. अन् मोठ्या बाई दारातूनच सांगून वापस येतीन. त्या मान्सांजवळ कोनी बसाले तं पायजे.”

एकदा मोठ्या बाई लग्नाला मलकापूरला गेल्या होत्या. खेड्यातून अडलेली बाई आली. हिने एकटीने तिला सोडवलं. मुलगा झाला. जितं मूल घेऊन ती पहिल्यांदाच दाराकडे निघाली. तिला इतकं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं.

तिला बघताच बाळाची आजी ऊर बडवत खालीच बसली. त्या रडण्यात पोराचं रडणं कुणाला ऐकू येईना.

“जित्तं आहे व माय. पाय तं.”

आजीने पाहिलं, आणि हात मागे घेतले. “तुह्या हातानं नको देऊ.”

तिने बाळ माझ्याकडे दिलं. आजीने ते माझ्या हातून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं. खाटेवरची बाळंतीण मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारत होती, “माह्या पाठीवर हात फिरवत बसली होती, ते बाई कुठी गेली? तिच्या मांडीवर पोरगं द्याचं होतं मले.”