पंगतीतली जागा

अमृतसरच्या सुवर्णमंदिरात मावशीचे डोळे भरून आले होते. मंदिराला चारही दिशांनी दारं, पायऱ्या उतरून आत जायचं म्हणजे प्रत्येकाने नम्र होऊनच यायचं, आणि पायाचा दगड म्हणे एका मुसलमान फकिराने बसवलेला. "कुणालाच मज्जाव नाही गं!" असं म्हणत तिने हात जोडले.

मग आम्ही लंगरमध्ये जेवायला जमिनीवर बसलो. मावशीची देखभाल करणारी शांता माझ्या शेजारी बसली, तशी मावशी हळूच म्हणाली, "शांते, तू त्या टोकाला बस." शांता मुकाट्याने उठली.

माझं डोकंच फिरलं. "मावशी, मग ती चार दारं कुणासाठी आहेत?"

"देवाच्या दारात भांडू नकोस."

किती सोयीचं! ज्या गुरूंच्या पंगतीत बादशहालाही जमिनीवर बसावं लागलं असं सांगतात, त्यांच्या दारातही आपण आपली उतरंड बरोबर घेऊन जातो. दगडाला नमस्कार करतो आणि माणसाला उठवतो. मी ताट उचललं आणि शांताजवळ जाऊन बसले.

"ताई, कशाला उठलात? मला सवय आहे," ती म्हणाली. त्या सवयीने मी आणखीच पेटले.

थोड्या वेळाने मावशीने हाक मारली, "शांते, मला उठव गं."

एरवी अर्ध्या हाकेला धावणारी शांता जागची हलली नाही. रोटीचा तुकडा मोडत, सगळ्या पंगतीला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "जेवतेय, आजी. झालं की येते."