टरफलांचा पांढरा

यशोधरेला गावात 'भुर्जीवाली' म्हणतात. तिनं आयुष्यात कधी भुर्जीचा गाडा लावलेला नाही. गेवराईच्या एका रंगाच्या दुकानात ती काउंटरला असते, आणि संध्याकाळी घरी येताना हायवेकडेच्या गाड्यांवरून अंड्यांची टरफलं पोत्यात भरून आणते. तेवढ्यावरून नाव पडलं.

हा नाद दुकानातच लागला. डब्यातला पांढराशुभ्र रंग कशाचा करतात, असं तिनं एकदा कंपनीच्या माणसाला विचारलं. कुठल्याशा समुद्रकाठची काळी वाळू उपसायची, तेजाबात शिजवायची, मग ती पांढरी पूड निघते, असं तो सांगून गेला. वाळूपायी नदीचं काय होतं, हे गोदाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. आपल्या भिंती उजळाव्यात म्हणून दुसऱ्याचा किनारा खरवडायचा, हे तिच्या मनाला टोचत राहिलं. टरफलं तर रोज उकिरड्यावर पडतात, आणि पांढरीच असतात.

टरफलं उकळायची, आतला पापुद्रा काढायचा, वाळवून कुटायची, पूड वस्त्रगाळ करून भिजवलेल्या चुन्यात कालवायची. मिरची कांडणाऱ्यानं टरफलं कांडायला नको म्हणून हात जोडले, तेव्हा तिनं घरचं उखळ बाहेर काढलं.

गेल्या वर्षीच्या जयंतीला तिनं त्या रंगानं विहाराची भिंत रंगवली. भिंत लख्ख झाली. पण मिरवणुकीहून दमून आलेली माणसं नव्या निळ्या शर्टांनी तिला टेकली, आणि उठली ती पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी. लोक पोट धरून हसले. सगळ्यांत पांढरी पाठ शहादेवांची, म्हणजे तिच्या चुलत सासऱ्यांची. विहार समितीचे अध्यक्षही तेच.

यशोधरा हसली नाही आणि रडलीही नाही. पूड धरून ठेवायला रंगात काही नव्हतं, एवढं तिनं ओळखलं. डिंक घालून पाहिला, तो ओलीनं सुटला. शेवटी साय काढलेल्या दुधाचं दही निथळून चुन्यात घोटलं, तेव्हा कुठं घरच्या भिंतीचा रंग हाताला लागेनासा झाला.

यंदा बुद्धपौर्णिमेआधी तिनं पुन्हा भिंत मागितली. समितीत कुणी तयार होईना. कंपनीचा डबा आणून कोपऱ्यात ठेवलेला होताच. शहादेवांना मात्र तिची दया आली.

"रंगव बाई," ते म्हणाले. "पौर्णिमेला समदे पांढऱ्यातच असत्यात. लागलं तरी कुणाला दिसायचं न्हाई."

वर्षभराच्या टोमण्यांपेक्षा तिला ही दया जास्त झोंबली. रंग लागला तर भिंत स्वतः खरवडीन, स्वतः तो डबा मारीन आणि टरफलांना पुन्हा हात लावणार नाही, एवढं बोलून ती कामाला लागली. पहिला हात ओला असताना खालचे डाग दिसत होते. लोक बघून, माना हलवून गेले. हा रंग वाळेल तसा उजळतो, हे तिनं कुणाला सांगितलं नाही. तीन हात दिले.

पौर्णिमेच्या सकाळी ती गर्द निळी साडी नेसून निघाली. सासूबाई, जाईबाई, दारातच आडव्या आल्या.

"वंदनेला पांढरी नेसत्यात गं. आजच्या दिवशी तरी नेस."

"ठाव हाय, आत्याबाई. पण आज पांढरी नेसले तर लपवल्यागत हुईल."

पौर्णिमेची पांढरी साडी तिनं लग्नापासून कधी चुकवली नव्हती. निघताना तिनं घरातल्या बुद्धमूर्तीला हात जोडले. जे असेल ते खरं दिसू दे, एवढंच मनात म्हणाली.

बायकांच्या पांढऱ्या रांगांमागे ती एकटी निळी, भिंतीला पाठ लावून बसली. त्रिसरण झालं, पंचशील झालं, प्रवचन लांबलं. वैशाखाचा उकाडा, पाठीवरून घाम निथळत होता. रंग सुटायचा तर घामानं आधी सुटतो, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी ती सरकली नाही.

सगळं झाल्यावर ती उठली आणि रांगांमधून पुढं मूर्तीपाशी गेली. गुडघे टेकून वाकली तेव्हा तिची पाठ सगळ्या गावाकडं होती. बायका माना उंचावून बघू लागल्या. मग जाईबाई उठल्या. सुनेच्या पाठीवरून त्यांनी तळवा फिरवला, उजेडात धरून पाहिला आणि शेजारणींना दाखवला. नुसता घाम.

शहादेवांचं समाधान झालं नाही. त्यांनी आपली काळी छत्री भिंतीवर खसाखसा घासली आणि दारात नेऊन निरखली.

"लागत न्हाई रं," ते बाकीच्या माणसांना म्हणाले.

यशोधरा तोवर उठली होती. पदर सारखा करत ती म्हणाली, "मामा, त्यो डबा दुकानात परत करा. आन् पुढल्या जयंतीला निळाच शर्ट घाला."